नानांचा वरचा आकडा, यजमानांचा खालचा

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरी सासरे, यजमान, मी आणि दोन मुले. गेल्या महिन्यात यजमानांच्या ऑफिसातल्या एका चाळिशीच्या सहकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. त्या धास्तीने आम्ही सासरे (नाना, वय 74) आणि यजमान (वय 39) या दोघांच्याही तपासण्या एकाच दिवशी करून घेतल्या. नानांचा रक्तदाब 164/72 आला, यजमानांचा 132/94. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, नानांचे 138, यजमानांचे 151. नानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ते म्हणतात, "माझा खालचा आकडा तरुणासारखा आहे, आणि या वयात कोलेस्टेरॉलचं काही खरं नसतं. जन्मभर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाल्लं, काय झालं?" डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी सोडली आहे, पण बागेतल्या मित्रांचे पाहून अ‍ॅस्पिरिन मात्र रोज घेतात. यजमान म्हणतात, वरचा आकडा ठीक आहे, सिगरेटी दिवसाला चारच होतात आणि वडील धडधाकट आहेत, म्हणजे आमच्या घराण्यात हार्टचा त्रास नाही. इंटरनेटवरच्या एका गणितात त्यांनी वय 40 भरून पाहिले, तर धोका अगदी कमी निघाला. सासूबाई 59 व्या वर्षी हार्ट अटॅकनेच गेल्या. मी 36 वर्षांची आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझा रक्तदाब आणि शुगर वाढली होती, नंतर सगळे नॉर्मल झाले. आता काळजी नेमकी कोणाची करायची?
— एक सून, रामबाग

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेत, हे फार बरे केलेत. त्यांच्यामुळेच एक मजेशीर गोष्ट लक्षात आली: नाना आणि तुमचे यजमान या दोघांनीही आपापल्या रक्तदाबातला नेमका तोच आकडा दिलाशासाठी निवडला आहे, जो त्यांच्या वयात दुसऱ्यापेक्षा कमी बोलतो. नाना खालच्यावर खूश आहेत आणि चिरंजीव वरच्यावर. असायला हवे होते उलट. तसे असते तर कदाचित दोघेही आतापर्यंत डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आले असते.

हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा. तरुण माणसाची महाधमनी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याला ती थोडी फुगते आणि हृदय विसावलेले असताना पुन्हा आवळून रक्त पुढे ढकलते, त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा फार उतरत नाही. वय वाढते तसे तिच्या भिंतीतले लवचीक तंतू झिजतात, तिथे कॅल्शियम साचते आणि ती कडक होते. मग ठोक्याचा सगळा जोर वरच्या आकड्यात दिसतो, आणि आवळून दाब टिकवून ठेवणारे कोणी न उरल्यामुळे खालचा आकडा घसरतो. म्हणजे नानांचा 72 हा तारुण्याचा दाखला नसून धमन्या कडक झाल्याची खूण आहे. दोन आकड्यांतले अंतर साधारण 40 च्या आसपास असावे. नानांच्या बाबतीत ते 92 आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून हेच पुढे आले, की पन्नाशीच्या आत हृदयविकाराची सूचना खालचा आकडा अधिक चांगली देतो, पन्नाशी ते साठीच्या दरम्यान दोन्ही आकडे सारखेच बोलके असतात आणि साठीनंतर वरचा आकडा, त्यातही दोहोंमधले अंतर, अधिक महत्त्वाचे ठरते.

वय झाल्यावर वरचा थोडा वाढायचाच, असे पूर्वी डॉक्टरही म्हणत असत. साठीच्या पुढच्या, केवळ वरचा आकडा वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या समजुतीला धक्का बसला. औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले आणि हृदयाचे झटकेही कमी झाले. तेव्हा नानांच्या 164 वर उपचार हवेतच. मात्र ते सावकाश वाढवावे लागतात. या वयात, विशेषतः मधुमेह असताना, उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरून तोल जाऊ शकतो आणि खुब्याचे हाड मोडले तर ते दुखणे हृदयाच्या दुखण्यापेक्षा काही कमी नसते. म्हणून त्यांचा दाब बसून मोजल्यावर उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

तुमच्या यजमानांचे प्रकरण वेगळे आहे. चाळिशीच्या आत खालचाच आकडा वाढलेला असतो, तेव्हा बारीक धमन्या आवळलेल्या असतात, आणि त्यामागे बहुधा सुटलेले पोट, मीठ, मद्य, अपुरी झोप यांपैकी काहीतरी असते. ते रात्री मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करण्यासारखी आहे. तरुणांच्या रक्तदाबाचे हे एक नेहमी निसटणारे कारण आहे. इतक्या लहान वयात दाब खरोखरच वाढलेला असेल, तर मूत्रपिंडाचे किंवा ग्रंथींचे काही दुखणे नाही ना, हेही एकदा पाहतात. त्यासाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतील प्रथिने या साध्या तपासण्यांपासून सुरुवात होते.

पण आधी तो दाब खरोखरच वाढलेला आहे का, ते ठरवू या. दवाखान्यातल्या एका मोजणीवरून शिक्का मारू नये. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. सकाळी चहा आणि सिगरेटीच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा आणि पट्टा बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर बांधावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. संध्याकाळी पुन्हा तसेच. असे आठवडाभर करून पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर तो उच्च रक्तदाबच समजावा. पायावर पाय टाकून किंवा मोबाईलवर बोलत मोजलेला दाब वहीत लिहू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तरुण आणि वृद्ध यांच्या धोक्यात फरक काय, याचे उत्तर देताना पटीचा हिशेब आणि संख्येचा हिशेब वेगळे ठेवावे लागतात. लोक ते एकमेकांत मिसळतात आणि तिथूनच घरातले वाद सुरू होतात. धूम्रपानाचे पाहा. ब्रिटनमध्ये नव्वदीच्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की तिशी-चाळिशीतल्या सिगरेट ओढणाऱ्यांना झटका येण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट होते, तर साठीनंतर सुमारे दुप्पट. यावरून म्हाताऱ्यांना सिगरेट कमी बाधते असे वाटेल. पण समजा (हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत), हजार तरुणांत वर्षाला एकाला झटका येतो आणि हजार वृद्धांत वीस जणांना. तरुणांत पाचपट म्हणजे पाच, अर्थात चार जण जास्त. वृद्धांत दुप्पट म्हणजे चाळीस, अर्थात वीस जण जास्त. तरुणाच्या बाबतीत पट मोठी असली तरी आज दिसणारे नुकसान लहान आहे. वृद्धाच्या बाबतीत पट लहान आहे, पण वय हाच सर्वांत मोठा धोका असल्यामुळे मुळातली संख्याच मोठी आहे.

कोलेस्टेरॉलचेही तसेच आहे. नानांनी कुठेतरी वाचले ते अर्धे खरे आहे. सुमारे नऊ लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे 39 मिलिग्रॅमने कमी असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू चाळिशीत निम्म्याहूनही कमी, पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान एक तृतीयांशाने कमी आणि सत्तरीनंतर जेमतेम एक षष्ठांशाने कमी आढळले. वयाबरोबर कोलेस्टेरॉलचा जोर ओसरतो, इथपर्यंत नानांचे बरोबर आहे. पण सत्तरीनंतर मृत्यूच इतके जास्त असतात, की त्यांचा एक षष्ठांश हा चाळिशीतल्या निम्म्यापेक्षा कितीतरी मोठा भरतो. शिवाय नानांना बारा वर्षांचा मधुमेह आहे. अशा रुग्णाचे एलडीएल सामान्यतः 70 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो, आणि त्यांचे 138 आहे. गोळीने पाय दुखत असतील किंवा अन्य काही त्रास झाला असेल, तर मात्रा किंवा गोळी बदलता येते. तो त्रास डॉक्टरांना सांगायचा असतो, गोळी परस्पर बंद करायची नसते.

अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत मात्र मला नानांच्या मित्रमंडळींशी वाद घालावा लागेल. हृदयाचा झटका, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात झालेल्यांसाठी अ‍ॅस्पिरिन हे मोलाचे औषध आहे आणि त्यांनी ते कधीही आपल्या मनाने सोडू नये. यांपैकी काहीही न झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या लोकांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मिळून झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले, रोजच्या अ‍ॅस्पिरिनने हृदयविकार लक्षणीय प्रमाणात कमी झाला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. नानांना यांतले काही झालेले नसेल, तर ही गोळी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि "ही मी का घेतो आहे?" असे सरळ विचारावे. जी गोळी घ्यायची ती सोडली आणि जी बहुधा नको आहे ती चालू ठेवली, असा हा प्रकार झाला आहे. आणि सराफ्याबद्दल एवढेच म्हणेन, की नानांच्या बरोबरीने तिथे रात्री खाणाऱ्यांपैकी जे पन्नाशीत गेले, ते आज बागेतल्या बाकावर बसून त्यांचा मुद्दा खोडायला उरलेले नाहीत.

यजमानांनी केलेले इंटरनेटवरचे गणित चुकलेले नाही. प्रश्नच अपुरा आहे. अशी बहुतेक गणिते पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता सांगतात, आणि त्यांत सर्वांत जास्त वजन वयालाच असते. त्यामुळे चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाने सिगरेट, पोट, रक्तदाब सगळे भरले तरी उत्तर लहानच येते. पण एलडीएल धमनीच्या भिंतीत एका दिवसात साचत नाही. ते किती आहे याइतकेच ते किती वर्षे तसे राहिले याला महत्त्व आहे. 151 हा आकडा 39 व्या वर्षापासून तसाच राहू दिला, तर नानांच्या वयाला पोचेपर्यंत 35 वर्षांचा साठा होईल. त्यामुळे तरुणाने दहा वर्षांच्या जोडीने पुढच्या तीस वर्षांचाही धोका विचारावा. अमेरिकेत 2023 मध्ये आलेल्या नव्या गणितात तशी सोयही आहे. आपल्याकडे तर घाई करण्याला आणखी एक कारण आहे. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आलेला आढळला, इतर देशांत तो सुमारे 59 व्या वर्षी येत होता. आणि या फरकाचे मुख्य कारण कोणती गूढ आनुवंशिकता नसून तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह यांसारखे धोके आपल्याकडे लहान वयातच सुरू होतात, हे निघाले. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पहिली कोलेस्टेरॉल तपासणी 18 व्या वर्षीच करावी असे म्हटले आहे, ते याचसाठी.

'चारच सिगरेटी' हा हिशेबही टिकणारा नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगरेटींच्या संख्येबरोबर साधारण चढत जातो, हृदयाचा तसा जात नाही. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा वाटा येतो. त्यामुळे कमी करण्याने फार काही साधत नाही, सोडावीच लागते. चांगली बाजू अशी, की सोडल्यानंतर वर्षभरातच तो वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो; या वयात इतका परतावा दुसरी कोणतीही गोष्ट देत नाही. सिगरेटऐवजी गुटखा किंवा तंबाखू धरली, तर हृदयाच्या दृष्टीने सुटका झालेली नाही.

'आमच्या घराण्यात नाही' हे वाक्य मी जवळपास रोज ऐकते आणि जवळपास नेहमीच त्यात आईकडची बाजू मोजलेली नसते. वैद्यकाच्या भाषेत वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला 65 च्या आत झटका आला असेल, तर ती कमी वयातली कौटुंबिक पार्श्वभूमी धरतात. सासूबाई 59 व्या वर्षी गेल्या. म्हणजे तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती आहे, नाना कितीही धडधाकट असोत. त्यांनी नेहमीच्या कोलेस्टेरॉलबरोबर लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण) ही तपासणी एकदा करून घ्यावी. हे बहुतांशी जन्मतःच ठरलेले असते, खाण्यापिण्याने फारसे बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदाच पाहिले तरी पुरते. 50 मिलिग्रॅमच्या वर निघाले, तर बाकीच्या सगळ्या धोक्यांशी अधिक कडक वागावे लागते. कंबरही मोजावी, विजारीच्या लेबलावरून नव्हे, टेपने, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही मर्यादा आहे. नानांच्या बाबतीत मात्र वजन उतरवण्याचा आग्रह धरू नये; सत्तरीनंतर आपोआप घटणारे वजन ही बहुधा स्नायू घटल्याची किंवा एखाद्या आजाराची खूण असते. त्यांना चालण्याबरोबर खुर्चीतून हात न टेकता उठबस करण्यासारखे ताकदीचे व्यायाम हवेत. त्यांची शुगरही तरुण रुग्णाइतकी कडक ठेवत नाहीत, कारण या वयात ती एकदम खाली जाणे अधिक धोक्याचे असते.

खाण्याविषयी तुम्ही विचारले नाहीत, पण इंदूरकरांना सांगितल्यावाचून राहवत नाही. पोहे निरुपद्रवी असतात. त्यांवर मूठभर शेव पडते, शेवेवर जीरावन मसाला पडतो, खाणारा "और डालो" म्हणतो आणि दुसऱ्यांदा शेव पडते. तीच शेव दुपारी वरणावर आणि रात्री भाजीतही असते. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणावे म्हणजे मीठ कळते. एकदा नानांसमोर हा गुणाकार करून पाहा. मिठामुळे रक्तदाब चढण्याचे प्रमाण वृद्धांमध्ये अधिक असते, तेव्हा शेवेचा डबा ताटापासून दूर ठेवण्याचा जास्त लाभ त्यांनाच होईल.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर उतरला, म्हणजे तो विषय संपला असे नाही. असा त्रास झालेल्या, विशेषतः त्यासोबत लघवीतून प्रथिने गेलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकार होण्याची शक्यता सुमारे दुप्पट असते, आणि गरोदरपणातल्या मधुमेहानंतर कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकारापासून काही प्रमाणात संरक्षण असते हे खरे, पण मधुमेह झाला की ते बरेचसे नाहीसे होते. इंटरनेटवरच्या बहुतेक गणितांत बाळंतपणाचा रकानाच नसतो, आणि दवाखान्यातही कोणी आपणहून विचारेल याची खात्री नाही. म्हणून ते तुम्हीच सांगायला हवे. दरवर्षी रक्तदाब, दर एक ते तीन वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) किंवा उपाशीपोटीची शुगर आणि एकदा कोलेस्टेरॉल, एवढे तुम्हाला हवेच. बाळंतपणाची फाईल कपाटात असेल तर ती शोधून तपासणीला बरोबर न्यावी.

तेव्हा काळजी कोणाची करायची, याचे माझे उत्तर असे आहे: या आठवड्यात नानांना घेऊन जावे, कारण त्यांचा धोका जवळचा आहे, आणि त्याच भेटीत एक ईसीजीही काढून घ्यावा, वाढत्या वयात नाडी अनियमित होण्याचा विकार वाढतो, तो पुष्कळदा जाणवतही नाही, आणि त्याने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. यजमानांनी आठवडाभराची रक्तदाबाची वही पूर्ण करून पुढच्या आठवड्यात जावे. तुम्ही महिन्याभरात. 'नानांचे एकदा होऊ दे, मग माझे पाहू' असे तुम्ही म्हणाल, याची मला पुरती कल्पना आहे. म्हणून स्वतःच्या भेटीची तारीख नानांच्या भेटीच्या दिवशीच घेऊन ठेवावी.

झटक्याची लक्षणेही दोघांत सारखी नसतात. तरुण माणूस छातीतल्या दाबाला, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणाऱ्या दुखण्याला अ‍ॅसिडिटी समजतो आणि सोडा पिऊन पडून राहतो. वृद्धांना, त्यातही मधुमेह असणाऱ्यांना, छातीत दुखेलच असे नाही. अचानक लागलेली धाप, गार घाम, उलटी, अंगातले त्राण जाणे किंवा भ्रमिष्टासारखे वागणे, एवढेच दिसू शकते. यांपैकी काहीही झाले तर 108 ला फोन करावा. यजमानांनाच त्रास होत असेल, तर त्यांना गाडी चालवू देऊ नये. आणि ईसीजीची सोय नसलेल्या जवळच्या दवाखान्यात 'आधी दाखवून घेऊ' म्हणून थांबू नये.